माझ्या दुष्टपणाची कारणे

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खलनायक आहे.

उंची म्हणाल तर तुमच्या मधल्या बोटाएवढी. अंगावर पायघोळ अंगरखा, त्याची टोपी पार कपाळावर ओढलेली. त्यामुळे मी बाई आहे की पुरुष, हे कुणालाच सांगता येत नाही. डाव्या खांद्याचा टवका उडाला आहे. माझ्या नावावर आजवर कितीतरी राज्ये बुडाली, गावे ओस पडली, एका राजाची तर दाढी उपटून झाली. पण खरे सांगतो, या सगळ्यात मी स्वतःहून एकदाही जागचा हललो नाही. ज्या हाताने मला जिथे ठेवले, तिथे मी उभा राहिलो.

माझा जन्म चिली देशाच्या दक्षिणेकडच्या चिलोए द्वीपसमूहातल्या एका लहान बेटावर, बेलार्मिनोच्या होड्या बांधायच्या छपरात झाला. बेलार्मिनो त्या वेळी एवारिस्तोसाठी एक मोठी लाँच बांधत होता. तिच्या बरगडीसाठी कापलेल्या सायप्रसच्या लाकडाचा एक तुकडा उरला. तो चुलीत जायचा, तेवढ्यात त्याची मुलगी नेल्दा आली. नेल्दा तेव्हा विशीची होती, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. आई लहानपणीच गेलेली. घरात ही दोघेच.

"बाबा, मला एक खलनायक करून द्या ना," ती म्हणाली.

"कसला?"

"दुष्ट. एकदम दुष्ट."

"आणि दुष्ट कशामुळे आहे तो?"

"कशामुळे म्हणजे? दुष्ट आहे म्हणून!"

बेलार्मिनोने चाकू थांबवला. "असं कसं? दात दुखतोय का त्याचा? बायको पळाली? जमीन कुणी लाटली? उगाच दुष्ट व्हायला माणसाला सवड कुठे असते, पोरी?"

"तुम्ही करा हो! कारण मी नंतर बघते."

"बरं बाई. दात दुखतोय असं धरून करतो."

म्हणून माझा चेहरा असा आहे. टोपीखाली डोकावून पाहिलेत तर मी रागावलेला दिसत नाही. काहीतरी ठणकत असल्यासारखा दिसतो.

नेल्दाला मी हवा होतो तो एका खेळासाठी. तिचा मामेभाऊ राजधानीत, सान्तियागोला, शिकायला होता. त्याने सुट्टीत येताना एका खेळाच्या नियमांची झेरॉक्स आणली आणि वीस बाजूंचा एक फासाही. हा खेळ म्हणजे कथाच. एक जण कथा चालवतो, बाकीचे तिच्यातली माणसे होतात. तुम्ही जंगलात आहात, समोर पडका पूल आहे, काय करता? असे कथा चालवणारा विचारतो. मग खेळणारे सांगतात, फासा टाकतात आणि कथा पुढे सरकते. नेल्दा कथा चालवायची. खेळणारे दोघे होते. एक मिरेया, एवारिस्तोची मुलगी, जिच्या जिभेला कधी विश्रांती नसे. ती कथेत चोर व्हायची. दुसरा एलियेसेर, रोसाल्बामावशींचा धाकटा मुलगा. हा मोजके बोलणारा, कथेतही तलवार घेऊन गप्प उभा राहणारा. रविवारी प्रार्थना आटोपली, जेवणे झाली की तिघे नेल्दाच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या टेबलावर जमत. बेलार्मिनो कोपऱ्यात बसून बटाटे किसत असे, कारण सगळ्यांना मिल्काओ, म्हणजे किसलेल्या बटाट्याच्या जाड रोट्या, लागत आणि ते त्याच्याच हातचे लागत.

मित्रांनो, माझी पहिली कामगिरी फजितीची झाली. नेल्दाने मला धुक्याचा सरदार केले. मला म्हणे सगळे जग जिंकायचे होते.

"कशाला?" मिरेयाने विचारले.

"राज्य करायला."

"अगं, पण या सरदाराच्या गावात माणसं नाहीत, शेतं नाहीत, नुसतं धुकं. जग जिंकून तो ठेवणार कुठे? फडताळात?"

एलियेसेर क्वचित हसायचा. त्या दिवशी तो टेबलावर डोके टेकून हसला. कोपऱ्यातून बेलार्मिनो म्हणाला, "मी सांगितलं होतं, दाताचं काहीतरी घाल म्हणून!"

नेल्दा रुसली. पण त्या रुसण्याने तिला शहाणे केले. पुढच्या आठवड्यापासून तिने मला अंगावरच्या झग्याच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. शाळेत पातेली घासताना, विहिरीवर, वाटेने चालताना ती खिशात हात घालून मला बोटांत फिरवायची आणि पुटपुटायची, "तुला काय हवंय रे? तुझ्याकडून कुणी काय नेलं?"

हे कोणी मला आधी विचारलेच नव्हते. मला तर ते फार आवडले.

मग माझी चांगली वर्षे आली. एकदा मी घंटा चोरणारा मठाधिपती झालो. सारी गावे माझ्या नावाने बोटे मोडत. शेवटी कळले, माझ्या गावाला आग लागली तेव्हा इशाऱ्याची घंटा मीच वाजवायची होती आणि मी झोपून गेलो होतो. तेव्हापासून मला कुठलीच घंटा ऐकवत नव्हती. एकदा मी माणसांच्या सावल्या विकत घेणारी सावकारीण झालो. माझी मुलगी जन्मतःच सावलीविना होती आणि तिच्या अंगाला बसेल अशी सावली मी शोधत होतो. मिरेयाने त्या खेळात स्वतःची सावली मला फुकट देऊन टाकली आणि वर डोळे पुसत म्हणाली, "चुलीचा धूर किती झालाय इथे!"

कथेत पाऊल टाकायला लावणारी आमिषे तर नेल्दाच्या डोक्यातून बाहेर पडतच राहत. रिकामी नाव किनाऱ्याला लागते आणि तिच्यातल्या पातेल्यातली आमटी अजून गरम असते. एका गावातली झाडून सगळी कुत्री एकाच दिशेला तोंड करून बसलेली असतात. एक नवरी हरवलेला नवरा शोधायला माणसे नेमते, पण जी खूण सांगते ती मुद्दाम खोटी सांगते. असे काही तिने उच्चारले की दोघांच्या खुर्च्या पुढे सरकायच्या. किसणीवरचा बेलार्मिनोचा हातही थबकायचा. "नेल्दा, तुझा वाईट माणूस आमच्या चांगल्या माणसांपेक्षा बरा असतो गं," मिरेया म्हणाली होती. मला त्या वाक्याचा अभिमान वाटला. लाकडाला वाटावा तितका.

मग फेर्मीन बुडाला.

फेर्मीन एलियेसेरचा थोरला भाऊ. कालवे-शिंपले काढायला तो होडीवरून सोडलेली हवेची नळी तोंडात धरून खोल पाण्यात बुडी मारायचा. एके दिवशी हवेची नळी वर आली, तो आला नाही. शोधणाऱ्या होड्या फिरल्या, मग एकेक करून घरी परतल्या. मातीत ठेवायला काही मिळाले नाही. रोसाल्बामावशी किनाऱ्यावर उभ्या राहायच्या आणि कुणी जवळ गेले तर म्हणायच्या, "जा घरी. तुमची जेवायची वेळ झाली असेल."

काही आठवडे खेळ बंद होता. मग एका रविवारी एलियेसेर आपणहून आला आणि म्हणाला, "चला, कुणालातरी मारू या. खोटंखोटं." तेव्हा कुणी हसले नाही. पण खेळ पुन्हा सुरू झाला.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता एलियेसेरने ठरवले की आता घरात मिळवणारा तोच, तेव्हा बुडी मारायला आपणच जायचे. एवारिस्तोने त्याला आपल्या लाँचवर घेतले. तीच लाँच, जिच्या बरगडीतून मी उरलो होतो. एका अर्थाने ती माझी थोरली बहीणच. सोमवारी निघायचे ठरले आणि रविवारी सकाळी माझी बहीण बंदरातच, आपल्या दोरीला बांधलेली, पाण्याखाली दिसली.

कुणाला इजा झाली नाही. पण ओहोटीला लाँच उघडी पडली तेव्हा दिसले की तळाच्या फळ्यांच्या फटी रिकाम्या आहेत. त्या फटींत झाडाच्या सालीचा काथ्या ठोकून वरून डांबर लावायचे काम बेलार्मिनोचे. तेच जर निघून आले, तर दोष कुणाचा, हे विचारायची गरजच उरली नाही. एवारिस्तो भर किनाऱ्यावर ओरडला, "यात माझी माणसं असती तर, बेलार्मिनो? ही पोरं असती तर?"

बेलार्मिनोने गुडघे टेकून फटीत बोट घातले, ते हुंगले आणि अंगरख्याला पुसले.

मित्रांनो, एखाद्या कारागिराला गावाने नावे ठेवली तर तो भांडतो. बेलार्मिनो भांडला नाही, कारण त्याला स्वतःचीच खात्री वाटेनाशी झाली. तो चुलीशेजारी बसायचा, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवायचा आणि त्यांच्याकडे बघत राहायचा. एकदा नेल्दाला म्हणाला, "मी घट्ट ठोकला होता गं. असं मला वाटतं. पण आता नक्की आठवत नाही." छपरात अर्धी होडी उभी होती. मालक येऊन ती दुसऱ्याकडे घेऊन गेला. बेलार्मिनोने उलट तिला चाके लावायला मदत केली.

जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडे हिवाळा लागल्यावर, एका दुपारी एलियेसेरने नेल्दाला धक्क्यावर बोलावले. मी खिशात होतो, म्हणून मला हे ठाऊक आहे.

"तुझ्या बाबांचा दोष नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आईने केलं ते. पहाटे ओहोटीला लाँच चिखलात बसलेली असते ना, तेव्हा गेली. आकड्याने काथ्या उपसला आणि चरबीत काजळी कालवून फटी लिंपल्या. डांबरासारख्या दिसाव्यात म्हणून. मी जाऊ नये म्हणून गं." मग म्हणाला, "तिने मला काल सांगितलं. तुला हे कळायला हवं होतं. पण तू कुणाला सांगू नकोस. बेलार्मिनोकाकांनाही नको. एवारिस्तोकाकांना कळलं तर ते तिला गावात राहू देणार नाहीत. मी पैसे साठवून त्यांची लाँच भरून देईन. पण तू शब्द दे."

नेल्दाने शब्द दिला. देताना तिचा हात खिशात होता आणि मी तिच्या मुठीत.

तो सारा हिवाळा तिने शब्द पाळला. बाप समोर बसून हात न्याहाळत असायचा. ही त्याला माते, आमच्याकडचा कडवट पाल्याचा चहा, करून द्यायची, केस विंचरून द्यायची, नको त्या गोष्टींवर बडबड करायची. विहिरीवर गेली की मला बाहेर काढून नुसती बघत राहायची. "तुला काय हवंय" हे तिने मला त्या हिवाळ्यात एकदाही विचारले नाही.

वसंतात तिने नवी कथा आणली. या वेळी मी भरतीची राणी होतो.

कथेतल्या किनाऱ्यावर रोज सकाळी एक होडी आपल्या जागीच बुडालेली सापडते. कुणी मरत नाही. नुसत्या होड्या जातात. होड्या बांधणारा एक म्हातारा गावाने तुरुंगात टाकला आहे. त्याच्या मुलीने आपल्या शूरवीरांना बोलावले आहे, की खरे काय ते शोधा.

मिरेया टेबलावर कोपरे टेकून पुढे झाली. एलियेसेर मागे टेकला. बेलार्मिनो कोपऱ्यात बटाटे किसत होता.

"मी बुडालेल्या होडीखाली शिरते," मिरेयाने सांगितले. "फळ्या फुटल्यात?"

"नाही," नेल्दा म्हणाली. "फटी रिकाम्या आहेत. काथ्या कुणीतरी दोन दिवसांपूर्वीच उपसलाय."

"मग होडी लगेच का नाही बुडाली? उपसल्या उपसल्या पहिल्याच भरतीला जायला हवी. मी नीट बघते. बोट घालून बघते."

"फासा टाक."

मिरेयाने फासा टाकला. तो टेबलावर बराच वेळ फिरला आणि सगळ्यात मोठा आकडा वर करून थांबला. त्या खेळात हा आकडा पडला की कथा चालवणाऱ्याने काही लपवायचे नसते. नेल्दाने मला उचलून मुठीत धरले.

"फटीत चरबी आहे," ती म्हणाली. "काजळी कालवलेली. लांबून डांबर वाटते. एक-दोन भरत्या तग धरते, मग सुटून येते."

किसणीचा आवाज थांबला.

"नेल्दा," एलियेसेर म्हणाला. एवढेच.

मिरेया मात्र टाळी वाजवून हसली. "काय डोकं आहे गं तुझं! चरबी आणि काजळी!" आणि हसता हसताच तिचा चेहरा उतरत गेला. "आमच्या लाँचच्या फटीत बाबांना असंच काळं, बुळबुळीत काहीतरी लागलं होतं. ते म्हणाले, काकांनी डांबरात भेसळ केली असेल." ती एकेकाच्या तोंडाकडे बघू लागली. "आणि ही राणी असं का करते, नेल्दा? तिचं कारण काय?"

उत्तर एलियेसेरने दिले.

"कारण तिचा एक मुलगा समुद्राने नेलाय, आणि दुसरा त्याच लाँचवर कामाला लागणार होता. हेच ना? छान कारण आहे. आजवरचं सगळ्यात छान." तो उठला. खुंटीवरचा कोट काढताना त्याचा हात दोनदा चुकला. "शेवट काय ठेवलायस तिचा? तलवार मीच चालवायची होती का?"

दार त्याने हळूच लावून घेतले. आपटले असते तर बरे झाले असते.

मिरेया गेल्यावर बेलार्मिनो टेबलाशी येऊन बसला.

"हे तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"जूनपासून."

"आणि मी हात बघत बसायचो." त्याने किसणी टेबलावर ठेवली. "तू त्याला शब्द दिला होतास?"

"हो, बाबा."

"मग आज का?"

"फासा तसा पडला. नियम आहे की..."

"फाशाचं मला नको सांगूस. तू हे कथेसाठी केलंस, की माझ्यासाठी?"

मित्रांनो, मी त्या वेळी नेल्दाच्या मुठीत होतो. घंटा चोरणाऱ्यापासून सावकारणीपर्यंत प्रत्येकाचे कारण तिने मला सांगितले होते. तिचे स्वतःचे कारण मात्र मला अजून माहीत नाही. मूठ इतकी आवळलेली होती की माझ्या खांद्याचा टवका तेव्हाच उडाला, एवढेच मी सांगू शकतो.

मिरेया वाईट नव्हती. पण बापाची लाँच बुडालेली, ती गप्प कशी बसणार? सोमवारी एवारिस्तो टोपी हातात घेऊन बेलार्मिनोकडे आला आणि त्याने माफी मागितली. मग तसाच रोसाल्बामावशींच्या फाटकाशी गेला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला. मावशी बाहेर आल्या. म्हणाल्या, "हो, मीच केलं. एक दिला तुमच्या समुद्राला. दुसरा देत नाही." आणि आत गेल्या.

कथा मात्र गावभर पसरली. मुले त्यांच्या कुंपणाशी जाऊन हाका मारू लागली, "भरतीची राणी! ए भरतीची राणी!" दुकानदारीण त्यांच्या हातात सामान न देता फळीवर ठेवू लागली. नेल्दाने टेबलावर उच्चारलेले नाव एका जित्याजागत्या बाईच्या अंगाला चिकटले. नेल्दा त्यांच्याकडे गेली, तर एलियेसेरने तिला फाटकातूनच परत पाठवले.

बेलार्मिनोलाही जायचे होते. पण तो बोलण्यात कच्चा. काय म्हणावे हे त्याला सुचेना. आज जाऊ, उद्या जाऊ, असे करत दिवस गेले. शेवटी एका सकाळी, नेल्दा शाळेत असताना, त्याने फोडलेल्या लाकडांची मोळी पाठीवर घेतली. निघता निघता मी टेबलावर दिसलो, तर मला उचलून वरच्या खिशात टाकले. का, ते त्यालाच ठाऊक.

मावशींचे दार बंद होते. धुराड्यातून धूर नव्हता. शेजारच्या बाईने कुंपणावरून सांगितले, "कालच्या बोटीने गेले हो दोघं. पार दक्षिणेला, पुन्ता आरेनासला. सामान फार नव्हतंच."

बेलार्मिनोने मोळी उतरवली. लाकडे दाराशेजारी भिंतीला नीट रचून ठेवली, जशी हिवाळ्यासाठी रचतात तशी. मग तो पायरीवर बसला आणि बंद दाराला म्हणाला, "रोसाल्बा, मला राग नाही. माझी नेल्दा त्या लाँचवर जाणार असती, तर मीही काथ्या उपसला असता. मी तर तो बसवलेला, मला लवकर जमला असता." बराच वेळ तो तिथे बसून होता. पाऊस भुरभुरू लागला तेव्हा उठला. घरी येऊन त्याने मला फळीवर ठेवले आणि ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. नेल्दालाही नाही. उशीर झाला याची त्याला लाज वाटत असावी.

खेळ संपला. नेल्दाने मला आणि फाशाला बिस्किटांच्या डब्यात घातले. डब्यात अंधार होता, पण अंधाराचे मला काही नाही. मला उणीव जाणवली ती तिच्या पुटपुटण्याची. वर्षांमागून वर्षे मला कुणी विचारले नाही, की तुला काय हवे आहे. बेलार्मिनोकडे होड्या पुन्हा येऊ लागल्या, हे मला ठोकण्याच्या आवाजावरून कळायचे. पुढे तो आवाज विरळ होत गेला आणि एके दिवशी थांबला.

डबा उघडला तो बेलार्मिनोला दफनभूमीत पोहोचवून आल्यावर. घरात माणसे होती, चुलीवर मोठे पातेले होते. नेल्दाचे केस पांढरे झाले होते. बापाच्या वस्तू लावताना तिला डबा सापडला आणि तिने मला टेबलावर ठेवले. लोक पांगल्यावर एक माणूस दारात उभा राहिला. जाड झालेला, टक्कल पडलेला. मी त्याला कोट काढण्याच्या पद्धतीवरून ओळखले.

"बस, एलियेसेर," नेल्दा म्हणाली.

तो बसला. तिने माते दिला. त्याने माझ्याकडे पाहिले, पण हात लावला नाही.

"आई मागच्या हिवाळ्यात गेली," तो म्हणाला.

"कळलं होतं मला. यायचं धैर्य झालं नाही."

"तिला तुझी ती कथा ठाऊक होती. मीच चिडून सांगितली होती, बोटीवर. मला वाटलं तुला शिव्या देईल. तर शेवटी शेवटी सारखी विचारायची, 'त्या राणीचं पुढे काय झालं रे? नेल्दाने काय केलं तिचं?'"

"काहीच नाही केलं," नेल्दा म्हणाली. "पुढची कथा मी रचलीच नाही."

"म्हणून मग मी रचली." तो हातातल्या भांड्यात बघत राहिला. "मी सांगितलं, तो म्हातारा सुतार तुरुंगातून सुटला आणि राणीच्या दारात आला. म्हणाला, मला राग नाही. ऐकून ती म्हणाली, 'बेलार्मिनो तसा आहेच.' रोज तेवढंच सांगायला लावायची. खोटंच होतं. पण तिला झोप यायची."

नेल्दाने दोन्ही हातांनी तोंड झाकले. "बाबा असं बोलले असते का रे?" ती म्हणाली. "मला कधीच कळलं नाही. त्यांनी तो विषयच काढला नाही पुन्हा."

मित्रांनो, मी दोघांच्या मधोमध उभा होतो. पायरी, भुरभुरता पाऊस, भिंतीला रचलेली लाकडे, सगळे माझ्यासमोर घडले होते. ती खोटी कथा खरी होती, हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होते. आणि मी लाकूड आहे.

एलियेसेर उठला, तिच्या खांद्यावर हात ठेवून गेला. दुसऱ्या दिवशीच्या बोटीने तो परतला.

आता मी नेल्दाच्या खिडकीत उभा असतो. ती मला अधूनमधून पुसते, पण विचारत काही नाही. तुम्ही कधी कथा रचायला बसलात आणि तुम्हाला माझ्यासारखा एखादा खलनायक लागला, तर त्याला दुःख जरूर द्या. दुःखाशिवाय तो नुसता धुक्याचा सरदार. पण शेजारच्या घरातले दुःख उचलायचे असेल, तर आधी त्या घरी जाऊन विचारा. आणि कुणाच्या दारात उभे राहून "मला राग नाही" असे म्हणायचे मनात असेल, तर शब्द जुळवत बसू नका. तुम्हाला तोंड आहे, पाय आहेत. आजच जा. लाकडे उद्या फोडली तरी चालतील.